जानकीला काय आवडतं

एमिनेने तो प्रश्न विचारला तेव्हा हरिश्चंद्रला आधी तो अगदीच सोपा वाटला.

देवगडला लागून असलेल्या जामसंड्याच्या बाजारात सारिकाचं छोटंसं ऑफिस होतं. सारिका ही हरिश्चंद्रच्या धाकट्या भावाची मुलगी. मुंबईत एका टूर कंपनीत काही वर्षं काढून ती लग्नानंतर परत आली आणि इथे गाळा घेऊन तिने स्वतःचं काम सुरू केलं. तिच्याकडे येणारी माणसं जास्त करून चारधामवाली, नाहीतर हंगाम बरा गेलेले आंबेवाले, दुबई-सिंगापूर बघून येणारे. हरिश्चंद्रला त्यातलं काहीच नको होतं.

"चाळीस माणसां एका बशीत कोंबायची आनी एकट्यान झेंडो घेवन फुडे धावायचां, तसली टूर माका नको गो," त्याने सारिकाला सांगितलं होतं. "आमी दोघांच. आमची गाडी, आमचो गाईड. वाटलां तर थांबलो, वाटलां तर फुडे गेलो."

म्हणून सारिकाने एमिनेला शोधून काढलं. एमिने इस्तंबूलची. बरीच वर्षं गाईडचं काम करत होती आणि येणाऱ्या माणसाला साजेशी सहल बेतून देत होती. आज ती सारिकाच्या लॅपटॉपवर दिसत होती. पन्नाशीची, आखूड केसांची बाई, हातात चहाचा काचेचा पेला. तिच्या मागून सीगल पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता. हरिश्चंद्र तिच्याशी बोटीवर शिकलेल्या इंग्रजीत बोलत होता. जिने किती चढवतात, गुडघे कसे आहेत, जेवणात काय चालत नाही, सगळं विचारून झालं. मग एमिने म्हणाली, "तुम्ही आतापर्यंत तुमच्याबद्दलच सांगितलंत. तुमच्या पत्नीला काय आवडतं?"

"तिला? तिला सगळंच आवडतं."

"सगळं म्हणजे काय? बागा आवडतात? जुन्या इमारती? गाणं? कापडचोपड बघायला आवडतं? की नुसतं एका जागी बसून माणसं बघत राहायला आवडतं?"

हरिश्चंद्रने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या दुकानात कुणीतरी ताडपत्रीची घडी घालत होतं. त्याने ती घडी पूर्ण होईपर्यंत बघितली.

"बागा," तो म्हणाला. "बागा लिहा."

"आणि पाणी? होडीत बसायला भीती वगैरे?"

यावर मात्र तो मोठ्याने हसला. "भीती कसली? आम्ही कोकणातली माणसं. समुद्र आमच्या दाराशी आहे."

हरिश्चंद्र कोयंडे तीस वर्षांच्या वर बोटीवर होता. खलाशी म्हणून लागला आणि खलाशांचा म्होरक्या, बोसन म्हणून निवृत्त झाला. आठ-नऊ महिने बोटीवर, दोन-तीन महिने देवगडला, असं सगळं आयुष्य गेलं. त्याची बोट काळ्या समुद्रातल्या बंदरांतून गहू भरायला जायची तेव्हा वाटेत बॉस्फोरस लागायचा. ती चिंचोळी सामुद्रधुनी, दोन्ही काठांना इस्तंबूल शहर. बोट इतक्या जवळून जायची की लाकडी घरांच्या खिडकीत चहा पिणारी माणसं दिसत. एखादं पोर हात हलवायचं. हरिश्चंद्र डेकवरून हात हलवायचा. त्या शहरात त्याला एकदाही उतरायला मिळालं नाही. घरी आला की तो जानकीला सांगायचा, "एकदा तुका थंय घेवन जातलंय." जानकी म्हणायची, "जावया." असं करता करता मुलगी आकांक्षा मोठी झाली, शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली, आणि कोविड सरल्यावर हरिश्चंद्र कायमचा घरी आला. घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता न्यायला काहीच अडचण नाही.

कॉल संपल्यावर सारिका म्हणाली, "काका, तुमी काकीक विचारा मा एकदा. दोन मिनटांचां काम."

"विचारलंय तर मजा खंय रवली?" हरिश्चंद्र म्हणाला. "जावचां आसा, एवढां तिका सांगलंय. बाकी थंय गेल्यार कळूं दे. आयुष्यभर मी हंय नव्हतंय. आता एक गोष्ट तिच्यासाठी करतंय, ती पुरी मीच करतलंय."

सारिकाने लॅपटॉप मिटला.

पण प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. घरी येऊन तो पडवीत बसला आणि स्वयंपाकघरात वावरणाऱ्या जानकीकडे बघत राहिला. सकाळी ती उठते कधी, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो उठायचा तेव्हा चहा तयार असायचा. ती जेवते काय, हेही त्याला नीट आठवेना. त्याचं जेवण झाल्यावर ती बसायची. शेवटी त्याने हाक मारून विचारलंच.

"गो, तुका काय आवडता?"

जानकी हात पुसत बाहेर आली. "कशात?"

"कशातय. खावक म्हण."

"आज बांगडे आसत. तुमका तिखलां होयां की सार?"

"माजां नाय, तुजां विचारतंय."

"माका काय, कायपण चलता," असं म्हणून ती आत गेली. आणि त्या दिवशी घट्ट तिखलंही झालं आणि पातळ सारही झालं.

त्याने आकांक्षाला फोन केला. "तुझ्या आयेक काय आवडता गो?"

"म्हणजे?" आकांक्षा म्हणाली. "बाबा, तिलाच विचारा ना. ती तुमच्या शेजारी आहे, मी पुण्याला आहे."

मग त्याने अंदाजाने ठरवायला घेतलं. जानकी रोज अबोलीचा वळेसार ओवून देवाला घालायची, म्हणजे फुलं आवडत असणार. राजवाड्याच्या बागेला अर्धा दिवस दिला. देवळात गेली की बराच वेळ बसायची, म्हणजे मोठ्या मशिदी शांतपणे दाखवायच्या. कापडाचा बाजार बायकांना आवडतोच. आणि या सगळ्याच्या मधोमध त्याने बॉस्फोरस ठेवला. फक्त दोघांसाठी होडी. सकाळी निघायचं, काठाकाठाने वर जायचं, त्याने डेकवरून बघितलेली घरं तिला जवळून दाखवायची, होडीतच जेवण. एमिने दर आठवड्याला बेत पाठवायची आणि तो त्यात सुधारणा करायचा. वाऱ्याची दिशा कुठल्या महिन्यात कशी असते ते त्याने तिलाच समजावून सांगितलं. सारिकाच्या ऑफिसात तो इतक्या वेळा जाऊ लागला की तिने त्याच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली. पुष्कळ वर्षांनी काहीतरी हातात घेतल्यासारखं त्याला वाटत होतं.

जानकी बेताबद्दल काही विचारायची नाही. तिने आकांक्षाकडून एक स्वेटर मागवला, कॅनव्हासचे बूट घेतले आणि संध्याकाळी साडी किंचित वर खोचून ते बूट घालून घरापुढच्या खळ्यात फेऱ्या मारायला लागली. शेजारची सुगंधा हसायची. जानकीही हसायची. हरिश्चंद्रला वाटायचं, खूश आहे.

गणपती होऊन गेल्यावर, ऑक्टोबरात दोघं निघाली.

इस्तंबूलला विमानतळावर एमिने स्वतः आली होती. तिने जानकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिकडच्या रीतीने तिला 'जानकी हानुम', म्हणजे जानकीबाई, म्हणू लागली. पहिल्या दिवशी मोठ्या मशिदीत जानकीने डोक्यावरून पदर घेतला आणि गालिच्यावर एका खांबाशी बसून राहिली.

"कसां वाटलां?" बाहेर आल्यावर हरिश्चंद्रने विचारलं.

"बरां आसा."

दुसऱ्या दिवशी राजवाडा झाला. दालनं, हिरे, बाग, कारंजी. "कसां वाटलां?"

"बरां आसा. केवढां मोठां! झाडूक किती बायो लागत आसतीत."

कापडाच्या बाजारात एमिनेने तिच्या खांद्यावर रेशमी शाली टाकून दाखवल्या. जानकीने प्रत्येक शाल हाताने चाचपली, घडी केली आणि दुकानदाराला परत दिली. "बरी आसा," ती म्हणाली. हरिश्चंद्रला आतून राग येऊ लागला होता. त्याला निदान एकदा तिचे डोळे मोठे झालेले बघायचे होते. उद्या होडीत बसल्यावर होतील, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन स्वच्छ होतं. धक्क्याला पांढरी होडी लागलेली होती. आत टेबलावर कापड घातलं होतं, फुलं ठेवली होती. होडीवाल्याने हात पुढे केला. हरिश्चंद्र सवयीने एका ढांगेत आत गेला आणि मागे वळला. जानकी धक्क्यावर उभीच होती.

"ये गो."

"तुमी जावा. मी हंय बसतंय."

"अगो, ही होडी आपल्यासाठीच सांगल्ली आसा. दोघांसाठीच."

"मी बसूचंय नाय."

"घाबरतंस? पाणी बघ, तळ्यासारख्यां आसा."

"तां माका दिसता. मी बसूचंय नाय," जानकी तेवढ्याच आवाजात म्हणाली.

हरिश्चंद्र धक्क्यावर परत आला. "मगे ह्यां सगळां मी कोणासाठी केलां?" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारी गळ टाकून बसलेल्या माणसांनी मान वळवली. "दोन दिवस बघतंय. काय दाखवलां तरी 'बरां आसा, बरां आसा'! तुका होयां तरी काय?"

एमिनेला शब्द कळले नाहीत, पण ती चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

जानकी मागच्या बाकावर जाऊन बसली. हरिश्चंद्र उभाच होता. थोड्या वेळाने तीच बोलायला लागली, पाण्याकडे पाठ करून.

"आकांक्षा दुसरीत होती. तुमी ब्राझीलाक होतात. तुमचो फोन नाय. ऑफिसात फोन लावन घेतलो तर ते म्हणत, वादळ आसा, काय कळणा नाय. मी रोज बंदरावर जाय. थंय जावन काय कळूचां होतां? पण घरात बसवत नव्हतां, म्हणान जाय. तेवाच आपल्याकडची एक होडी फुटली. एका सांजेक मडां हाडल्यानी. तोंडार कापड घातलेलां. तुमी ब्राझीलाक, तां माका म्हायत होतां. ह्यां दुसऱ्याच कोणाचां, तां पण म्हायत होतां. तरी कापड काडीपर्यंत थंय माका तुमीच दिसलात."

हरिश्चंद्रला ते वादळ आठवत होतं. "माका कधी सांगलंस नाय."

"सांगतलंय कसां? तुमचो फोन इलो तेवा तुमी हसत होतात. म्हणालात, लाटो अशे होते की ताट हातात धरून उभ्यान जेवलो. मी म्हटलां, हसतत तर हसू देत." ती थांबली. "तेच्यानंतर मी पाण्यावर गेलंय नाय. गणपती पोचवूक पण नाय. तुमका कधी दिसलां नाय?"

विसर्जनाला घरचा गणपती निघाला की जानकी आरतीचं ताट घेऊन फाटकापर्यंत यायची आणि तिथूनच परत फिरायची. हरिश्चंद्र सुट्टीवर असताना त्याने हे कितीतरी वेळा बघितलं होतं. त्याला वाटायचं, मागे घरात काम असेल.

तो बाकावर तिच्या शेजारी बसला. बॉस्फोरसमधून एक मोठी मालवाहू बोट हळूहळू वर जात होती. डेकवर कुणीतरी उभं होतं. हरिश्चंद्रने तिकडे बघायचं टाळलं.

शेवटी एमिने जवळ आली. होडीवाल्याला तिने परत पाठवलं होतं. ती हरिश्चंद्रला म्हणाली, "मी त्यांना एक विचारू का? तुम्ही फक्त जसंच्या तसं सांगा." आणि जानकीसमोर उकिडवी बसून तिने विचारलं, "जानकी हानुम, तुम्हाला काय बघायचंय?"

हरिश्चंद्रने ते मालवणीत सांगितलं. जानकीने हरिश्चंद्रकडे बघितलं, एमिनेकडे बघितलं. मग म्हणाली, "हंयची माणसां घरात कशी रवतत, काय करतत, तां बघूक गावात काय?"

एमिनेचा चेहरा खुलला. तिने तिथूनच आपल्या आईला फोन लावला.

वाटेत त्यांनी मासळीबाजारातून मासे घेतले. तिथले विक्रेते माशांचे कल्ले बाहेर काढून मांडतात, लालभडक, फुलासारखे. जानकी एका पाटीसमोर थबकली. "अवो, बांगडे!" ती म्हणाली आणि तिचा आवाज चढला. तिने एक उचलला, दाबून बघितला, वास घेतला, बाजूला ठेवला आणि खालचा काढला. विक्रेता हसला आणि त्याने तिला हवे तसे निवडू दिले. गेल्या तीन दिवसांत हरिश्चंद्रला जे बघायचं होतं ते आता त्याच्या समोर होतं, एका ओल्या पाटीशी, आणि त्यात त्याचा काहीच हात नव्हता.

एमिनेची आई एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होती. ठेंगणी, गोरी, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी. तिने जानकीला सरळ स्वयंपाकघरात नेलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आतून सुरीचा, तेलाचा आवाज आला, मग दोघींचं हसणं आलं. एमिने दोनदा उठून आत गेली आणि दोन्ही वेळा तिला बाहेर घालवून देण्यात आलं.

जेवायला बसल्यावर म्हातारीने हरिश्चंद्रच्या ताटात भात घातला. त्याने पुरे म्हटलं. तिने आणखी घातला. त्याने ताटावर हात धरला, तर तिने त्याचा हात बाजूला सारून वर मासा ठेवला आणि तो पहिला घास घेईपर्यंत डाव हातात धरून उभी राहिली. सगळे हसले. हरिश्चंद्रने हसत हसत जानकीकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिने मान खाली घातली होती आणि पदर डोळ्यांना लावला होता.

परतीच्या गाडीत ती मागच्या सीटवर त्याच्या शेजारी होती. दुपार कलत होती. तिने आपण होऊन सुरुवात केली.

"माजी आवय अशीच वाढी."

सासूचं नाव यशोदा होतं, एवढं त्याला चटकन आठवलं. चेहरा डोळ्यांपुढे आणायला वेळ लागला.

"तुमी तिच्या हातचां जेवलात तां लग्नाच्या वरसाक, एकदाच," जानकी म्हणाली. "दोडामार्ग काय लांब नाय. पण तुमी येय तेवा कधी घराचां काम, कधी कलमां लावूची, कधी कुंपण. मी म्हणी, दोन दिस जावया. तुमी म्हणी, फुडच्या सुट्टीक. दर मे म्हयन्यात आवय ओले काजू सुकवन ठेवी, जावय येतलो म्हणान. शिरवाळे करूचो साचो पुसून ठेवी. मी एकटीच जाय. ती आदी माज्या मागे बघी, कोण येता काय. मगे माका म्हणी, ये गो."

"तू माका कधी..."

"सांगलंय. दर वरसा सांगलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हरिश्चंद्रला बरं वाटलं असतं. "तिका तुमच्याकडना काय नको होतां. तिका फक्त तुमका एकदा बसवन जेवूक घालूचां होतां. ती गेली तेवा तुमी बोटीर होतात."

गाडी पुलावरून चालली होती. खाली दोन्ही बाजूंना पाणी पसरलेलं होतं. जानकीने डोळे मिटून घेतले. हरिश्चंद्रने तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो काढून टाकला नाही, पण धरलाही नाही.

एमिनेने उरलेले दिवस नव्याने बेतले. जानकीला विचारून. एक दिवस त्यांनी शहराबाहेरच्या खेड्यात ऑलिव्हची झाडं बघितली, एक दिवस एका भट्टीत पाव करणाऱ्या बायकांबरोबर बसल्या जागी काढला. जानकी बोलायला लागली होती, विचारायला लागली होती. हरिश्चंद्र तिचं बोलणं इंग्रजीत करून सांगायचा. ती इतकं विचारू शकते हे त्याला माहीत नव्हतं. रात्री झोपताना तो तिच्या घोरण्याचा आवाज ऐकत पडायचा आणि एकेक सुट्टी आठवून बघायचा. एका सुट्टीत गच्ची घातली होती. एका सुट्टीत पंप बसवला होता. एका सुट्टीत तर काही म्हणता काही काम नव्हतं. रोज संध्याकाळी बंदरावर मित्रांबरोबर पत्ते खेळला होता.

देवगडला परत आल्यावर सारिकाने उत्साहाने विचारलं, "काका, कसां काय झालां? काकीक होडी आवडली?"

"काकीक विचार," हरिश्चंद्र म्हणाला. "मी सांगलंय तर चुकतलां."

दिवाळी झाली. फराळाचे डबे रिकामे झाल्यावर एका सकाळी त्याने जानकीला म्हटलं, "दोडामार्गाक जावया."

जानकी तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं नाही. "आता थंय काय आसा? भावांनी जमीन इकल्यानी, म्हापशाक जावन रवले. घर पण पाडल्यानी."

"तरी जावया."

"कित्याक?"

हरिश्चंद्र तसाच दारात उभा राहिला. जानकीने तांदळाचं सूप झटकलं आणि म्हणाली, "बरां. जावया."

बस बदलत बदलत दोघं पोचली. गाव दोडामार्गाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी होतं. सडकेवरून आत जाणारी पायवाट आता सिमेंटची झाली होती. जिथे घर होतं तिथे रबराची झाडं ओळीने उभी होती. प्रत्येक खोडाला तिरका चर पाडून खाली वाटी बांधलेली, वाटीत पांढरा चीक साठत होता. कामावर असलेल्या माणसाने कोण, कुठले विचारलं. जानकीने सांगितल्यावर तो म्हणाला, "बघा ना, खुशाल बघा," आणि आपल्या कामाला लागला.

विहीर तेवढी राहिली होती. तिच्यावर लोखंडी जाळी टाकलेली होती. जानकी विहिरीच्या काठाला हात लावून उभी राहिली आणि तिथून मापं घेऊ लागली. "हंय खळां होतां. हंय पायरी. हंयसून आत गेल्यार माजघर." ती झाडांच्या ओळीतून चालत गेली, थांबली, परत मागे आली. "नाय. पायरी त्या अंगाक होती. नाय तर विहीर उजव्या हाताक कशी येतली?" ती पुन्हा विहिरीशी आली आणि पुन्हा निघाली. झाडं सगळी सारखी होती.

"चूल खंय होती?" हरिश्चंद्रने विचारलं.

"हंय." तिने बोट दाखवलं. मग बोट थोडं सरकवलं. "हंय आसात. नाय तर त्या झाडाकडे." तिचं बोट खाली आलं. "माका आता सांगूक येणा नाय ओ. झाडांनी सगळां एकच केल्यानी."

हरिश्चंद्र तिने दाखवलेल्या जागेवर जाऊन उभा राहिला. खाली वाळलेली पानं होती. आपण इथे कधीतरी पाटावर बसलो होतो, आपल्याला कुणीतरी आग्रहाने वाढलं होतं. लग्नाच्या वर्षी. त्याला ते जेवण आठवेना. काय होतं ताटात, काहीच नाही.

"तुजी आवय बोली कशी?" त्याने विचारलं. "आवाज कसो होतो तिचो?"

जानकीने तोंड उघडलं. "म्हणी, येवा, बसा..." ती थांबली आणि पुन्हा म्हणून बघितलं, थोड्या बारीक आवाजात. "येवा, बसा. नाय. असो नाय." तिने डोकं हलवलं. "दोन-चार वरसांआदी विचारलात आसतात तर काडून दाखवलंय आसतंय. आता माका पण येणा नाय."

कामावरच्या माणसाने चहाला थांबायला सांगितलं. दोघांनी त्याच्या खोपटीत बसून चहा घेतला. त्याने दोघांना रबराची सगळी माहिती दिली, चीक कधी काढायचा, पावसात का काढत नाहीत, झाड किती वर्षं देतं. जानकी ऐकत होती, मध्येच मान हलवत होती. हरिश्चंद्रचं लक्ष नव्हतं.

सडकेवर आल्यावर कळलं की बसला बराच अवकाश आहे. एका दुकानाच्या बाकावर दोघं बसली. हरिश्चंद्रला अजून पुष्कळ विचारायचं होतं. सासूबद्दल, त्या घराबद्दल, जानकी लहानपणी कुठे खेळायची त्याबद्दल. पण ती थकली होती आणि तिने पदर घट्ट ओढून डोळे मिटले होते, म्हणून तो सडकेच्या वळणाकडे बघत बसून राहिला.